निळ्या पाण्याचं वजन

"तरंगला," मी म्हणाले.

गिरजाबाई ढोबळे खुर्चीवरून अर्धवट उठून काचेच्या बरणीत डोकावल्या. बरणीत निळं पाणी होतं आणि त्यात त्यांच्याच बोटातून काढलेला रक्ताचा थेंब. थेंब आधी थोडा खाली गेला, मग मध्येच थबकला आणि आता सावकाश वर येत होता.

"मंग? तरंगला तं काय झालं?"

"म्हणजे तुमच्या अंगात रक्त कमी आहे, मावशी. तुमचं रक्त घेता येणार नाही."

"कोन म्हन्ते?"

"हे पाणी म्हणतं."

"पान्याले काय समजते माह्या अंगातलं?"

मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका हसल्या. मीही हसले. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. जिल्ह्याच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागून पुरते तीन महिनेही झाले नव्हते, आणि आपल्याला सगळं समजतं याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या एप्रिलमधली. सावरगोटा नावाच्या गावात, शाळेच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर होतं. रक्त घेण्याआधी प्रत्येकाच्या बोटातला एक थेंब त्या निळ्या पाण्यात टाकायचा. ते पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. ते अशा बेताने बनवलेलं असतं, की एक लिटर द्रावणाचं वजन एक हजार त्रेपन्न ग्रॅम भरावं. चांगलं रक्त त्याहून जड असतं, ते बुडतं. पातळ रक्त हलकं, ते तरंगतं. थेंब बुडाला तर माणूस खाटेवर, तरंगला तर लोहाच्या गोळ्या घेऊन घरी. पंधरा सेकंदांचं काम.

सकाळी पुरुष येऊन गेले होते. छत्तीस जणांपैकी चौतीस बुडाले. बायका स्वयंपाकपाणी उरकून साडेअकरानंतर आल्या, तोवर सकाळची शिशी संपली म्हणून मी नवीन उघडली. आणि तेव्हापासून एकाही बाईचा थेंब बुडाला नव्हता. गिरजाबाईंचा नंबर अकरावा.

"पुढच्या या," मी म्हणाले.

गिरजाबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. पन्नाशीच्या, काटक, उन्हाने रापलेल्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दोन कार्डं काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे माह्यं अन् हे माह्या बहिनीचं, शेवंताचं. आठ वर्साआधी पोराचा अ‍ॅक्सिडेंट झाला तवा नागपुरात दोघीनं देल्लं होतं. वाच त्यावर काय लिवलं ते."

दोन्ही कार्डांवर एकच गट होता. ओ निगेटिव्ह. शंभरात दोन-तीन माणसांचा असतो तो.

"माह्यी पोरगी सुनंदा दवाखान्यात हाये. उद्या सकाळी तिचं पोट कापाचं हाये. तिचाबी हाच गट. डॉक्टर म्हन्ते, पेढीत एकच पिशवी हाये, दुसरी आना, त्याबिगर हात लावनार नाई. दोन दिवसापासून माहे दोघं पोरं सारा तालुका हिंडले. कोनी नाई भेटलं. मंग समजलं का तुमची गाडीच गावात येऊन राहिली." त्यांनी कार्डांवर बोट ठेवलं. "शेवंताले तू घंट्याआधी वापस धाडलं. ते गरीब हाये, गोळ्या घेऊन चूपचाप वाडीवर गेली. मी नाई जात."

माझं हसू मावळलं. ती शेवंता मला आठवली, बरणीकडे न बघता माझ्या चपलांकडे बघत उभी राहिलेली. 'रक्त कमी आहे' म्हटल्यावर तिने मान हलवली होती, जणू ते तिला आधीपासून माहीत होतं.

"मावशी, तुमची अडचण समजते मला. पण थेंब तरंगतो आहे, मी काय करू?"

"दुसरा घे."

मी दुसऱ्या बोटाला सुई टोचली. थेंब तरंगला. त्यांनी तिसरं बोट पुढे केलं. तोही तरंगला.

गोंधळ ऐकून नानोटी सर आले. ते आमचे वरिष्ठ. बावीस वर्षं याच कामात काढलेली, आवाज मऊ, इस्त्रीचा पांढरा कोट. माझी नेमणूक तात्पुरती होती, तीस एप्रिलला संपणारी, आणि पुढचा आदेश त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होता.

"काय झालं भोयर?"

मी सांगितलं. सरांनी बरणीवर एक नजर टाकली.

"बाई, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आपल्याकडे बायकांच्या अंगात रक्त नसतंच. शिळंपाकं खाता, सगळ्यांच्या शेवटी जेवता. मी बावीस वर्षं बघतो आहे."

"अकराच्या अकरा बायाईच्या अंगात नाई?"

"नसतं हो."

हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते ऐकायला जास्त वाईट होतं. आणि खरं सांगायचं तर मीही तेच मानून बसले होते. अकरा बायका ओळीने तरंगतात, आणि माझ्या मनात साधी शंका येऊ नये? पुरुषांपैकी अकरा जण असे ओळीने तरंगले असते, तर पाचव्यालाच मी बरणी हलवून पाहिली असती.

गिरजाबाईंनी बरणी उचलली आणि उजेडाकडे धरली.

"हे मोरचूदच हाये नं? संत्र्याच्या झाडाले मारतो ते?"

"हो."

"मंग मले नको सांगू. तीस वर्सं झाले मी मोरचूद कालवून राहिली. घट्ट झालं तं पानं जळते, पातळ झालं तं कीड जात नाई. दिसाले दोन्ही निळंच." त्यांनी बरणी खाली ठेवली. "हे घट्ट झालं हाये."

"नजरेनं नाही समजत ते, बाई," सर म्हणाले.

"मंग तुमचा थेंब टाका यात."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "टाका नं साहेब, हाये काय नाई काय!"

नानोटी सरांना स्वतःच्या रक्ताचा अभिमान होता. तीस वेळा रक्त दिल्याचं प्रमाणपत्र त्यांच्या टेबलामागे चौकटीत लावलेलं होतं. त्यांनी हसत हसत बोट पुढे केलं. मी टोचलं, नळीत रक्त घेतलं आणि बरणीवर बोटभर उंचीवरून थेंब सोडला.

थेंब खाली गेला, थबकला आणि वर आला.

बायकांनी जो हशा पिकवला तो अजून माझ्या कानात आहे. सर लाल झाले. "आज माझी एकादशी आहे," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून आणखी लाल झाले.

मी मात्र हसले नाही. हे द्रावण घट्ट का झालं, ते मला त्या क्षणी कळलं होतं, आणि ते माझ्याशिवाय जगात कोणालाही ठाऊक नव्हतं.

शिबिराला लागणारं द्रावण आम्ही रक्तपेढीतल्या एका मोठ्या बाटलीतून बनवायचो. त्या बाटलीत आधीच करून ठेवलेलं दाट द्रावण असायचं. त्यातलं ठरावीक माप घ्यायचं, ठरावीक पाणी घालायचं, झालं तयार. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात त्या बाटलीचं काचेचं बूच माझ्या हातून निसटून फुटलं. ओरडा बसेल म्हणून मी काचा गोळा करून टाकून दिल्या आणि बाटलीला कापसाचा बोळा लावला. कोणाच्या लक्षात आलं नाही. बाटली खिडकीशेजारी. सहा आठवडे आमच्याकडचं ऊन, आणि बाहेर जाणारी वाफ अडवायला नुसता कापूस. पाणी उडत गेलं, मोरचूद तेवढंच राहिलं. परवा नवीन शिशी भरताना बाटलीच्या गळ्याला निळी खपली धरलेली मी पाहिली होती, आणि फडक्याने पुसून टाकली होती. माप मात्र नेहमीचंच घेतलं होतं. सकाळी वापरलेली शिशी बूच फुटण्याआधी भरलेली होती.

गप्प बसणं सोपं होतं. सर स्वतःच म्हणत होते, "द्रावणात काहीतरी दोष दिसतो. असू दे. शिबिर इथेच थांबवू. सामान आवरा, भोयर. बायकांचं पुढच्या महिन्यात बघू."

"अन् सुनंदाचं?" गिरजाबाईंनी विचारलं. "तेबी पुढच्या महिन्यात?"

सर सामानाच्या पेटीकडे वळले. गिरजाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. रागाने नव्हे. हिला काहीतरी करता येईल, अशा आशेने. ती नजर मला सहन झाली नाही.

"सर," मी म्हणाले, "मोठ्या बाटलीचं बूच माझ्याकडून फुटलं होतं. होळीच्या आधी. मी कापूस लावून ठेवला आणि कोणाला सांगितलं नाही. पाणी उडून ते दाट झालं आहे. चूक माझी आहे."

सर सावकाश वळले. "आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"हो."

"तुझा आदेश कधी संपतो?"

"तीस तारखेला."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. पण त्या 'बरं'मध्ये सगळं आलं.

शिबिराच्या डॉक्टर काळमेघ मॅडम पलीकडच्या खोलीत शेवटच्या पुरुषाच्या हाताला पट्टी लावत होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, सगळं पुन्हा सांगितलं आणि म्हटलं, "मॅडम, द्रावण दाट आहे, तर ते पातळ करता येईल. किती दाट आहे तेवढं कळलं पाहिजे."

"कळणार कसं? मोजायचं यंत्र पेढीत आहे. चाळीस किलोमीटरवर."

"यंत्र नको. वजन आणि आकारमान कळलं की झालं. एक भागाकार आहे."

"आणि वजन कशावर करणार? किराणा दुकानाच्या काट्यावर?"

"ही शाळा आहे, मॅडम. दहावीच्या प्रयोगशाळेत तराजू असतोच."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. बारा चाळीस. "रक्ताच्या पिशव्या मला तीनच्या आत गाडीत घालायच्या आहेत. तुला एक तास देते. आणि भोयर, अंदाजाने नाही हं. चुकीच्या बाईचं रक्त काढलं आणि ती वाटेत पडली, तर बुचापेक्षा मोठी गोष्ट होईल."

प्रयोगशाळेला कुलूप. शाळेचे शिपाई महादेवराव व्हरांड्यात हातपंख्याने वारा घेत बसले होते. परीक्षा संपल्या, गुरुजी गावाला गेले, त्यांच्या परवानगीशिवाय दार उघडायचं नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी विनवण्या केल्या. मॅडमचं नाव सांगितलं. ढिम्म.

गिरजाबाई माझ्यामागोमाग आल्या होत्या. "महादेवा," त्या म्हणाल्या, "सुनंदा या शाळेत दहावी झाली. तुह्या हातची घंटा ऐकून घरी येत होती. उद्या तिले काई झालं तं तिच्या मौतीले येशीन नं? का तवाबी गुरुजीले इचारशीन?"

महादेवराव उठले आणि किल्ल्या आणल्या.

खोली तापलेली, सगळ्यावर धूळ. पण कपाटात काचेच्या पेटीतला तराजू होता, लाकडी डबीत पितळी वजनं होती आणि खालच्या कप्प्यात घनता काढायची एक छोटी बाटली. तिच्या पोटावर कोरलेलं होतं: पन्नास मिलिलिटर. बुचाला मधून बारीक भोक, म्हणजे जास्तीचं पाणी त्यातून बाहेर येतं आणि आत बरोबर पन्नासच राहतं. दहावीत मी हा प्रयोग घोकून पाठ केला होता आणि परीक्षा संपल्यावर विसरले होते.

"वजनाले हात नोका लावू," महादेवराव म्हणाले. "घाम लागला का वजन बदलते. गुरुजी छडी मारते."

डबीतला चिमटा गंजून मोडलेला. मी आमच्या पेटीतला ड्रेसिंगचा चिमटा आणला. रांगेतल्या सगळ्या बायका दाराखिडक्यांत जमल्या होत्या, आणि वाऱ्याने तराजूची पारडी हलत होती.

"खिडक्या लावाव्या लागतील," मी म्हणाले.

खिडक्या लागल्या, आणि खोलीची भट्टी झाली. आठ-दहा बायका आत, उरलेल्या दाराबाहेर. कोणी जायला तयार नाही. शेवटी गिरजाबाईंनीच दटावलं, "अवं, तिकडं तोंड करून श्वास सोडा नं! काटा हालून राहिला!" आणि सगळ्या बायकांनी खरंच भिंतीकडे तोंडं फिरवली.

आधी रिकामी बाटली. अठ्ठावीस पूर्णांक चार ग्रॅम.

"किती?" गिरजाबाईंनी विचारलं.

"अठ्ठावीस पूर्णांक चार. ही नुसती बाटली. आता साधं पाणी भरून बघते. बाटलीवर पन्नास लिहिलंय ते खरं आहे का, ते आधी कळायला हवं."

"हां. पहिले माप तपास. बराबर."

गाडीतल्या कॅनमधलं शुद्ध पाणी भरलं, बाहेरून पुसलं, चढवलं. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार. बाटली वजा केली तर पन्नास ग्रॅम. कोरलेलं माप खरं होतं. बाटली रिकामी केली, आमच्याच द्रावणाने विसळली, काठोकाठ भरली, बूच बसवलं. भोकातून एक निळा थेंब वर आला, तो टिपला.

नानोटी सर दारात येऊन उभे होते. मला ते काट्याकडे बघताना दिसले.

काटा स्थिर व्हायला वेळ लागला. एक्क्याऐंशी पूर्णांक पाच.

मी फळ्यावर खडूने मांडलं. एक्क्याऐंशी पूर्णांक पाच वजा अठ्ठावीस पूर्णांक चार, त्रेपन्न पूर्णांक एक. भागिले पन्नास. एक पूर्णांक शून्य सहा दोन.

"किती पायजे होतं?"

"एक पूर्णांक शून्य पाच तीन."

"लय फरक हाये का?"

"या बाटलीत अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी, मावशी."

गिरजाबाई फळ्याकडे बघत राहिल्या. "अर्ध्या गिरामसाठी अकरा बाया वापस धाडल्या?"

"हो," मी म्हणाले. मला रडू येत होतं, पण वेळ नव्हता.

आता पाणी किती घालायचं? बासष्टचं त्रेपन्नवर आणायचं. गुणाकार-भागाकार दोनदा केला. दर शंभर मिलिलिटरला साधारण सतरा. मी आधी पंधराच घातलं. घातलेलं पाणी परत काढता येत नाही, हे निदान मला कळत होतं. ढवळलं, बाटली नव्या द्रावणाने विसळून भरली, चढवली. एक्क्याऐंशी पूर्णांक एक. अजून थोडं जड. दोन मिलिलिटर आणखी. पुन्हा विसळणं, पुन्हा भरणं, पुन्हा पुसणं. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. कोणीतरी मागून पदराने तो पुसला, कोणी ते मी पाहिलंच नाही.

एक्क्याऐंशी पूर्णांक शून्य पाच. बाटली वजा केली तर बावन्न पूर्णांक पासष्ट, भागिले पन्नास. एक पूर्णांक शून्य पाच तीन.

"पुन्हा कर," दारातून सर म्हणाले. "एका वजनावर विश्वास ठेवू नये."

मी पुन्हा केलं. तेच आलं. सर आत आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्वतः काटा पाहिला, फळ्यावरचा भागाकार बोटाने तपासला आणि मान हलवली.

हॉलमध्ये परत आलो तेव्हा दोन वाजायला पंधरा मिनिटं होती. बरणीत नवं द्रावण ओतलं. गिरजाबाई खुर्चीत बसल्या आणि चौथं बोट पुढे केलं. सगळ्या बायका भोवती. मी थेंब सोडला.

तो खाली गेला. बराच खाली गेला, आधीपेक्षा खूपच खाली. बायकांच्या तोंडून आनंदाचा आवाज निघाला. मग तो थेंब तळाच्या वर बोटभर अंतरावर थांबला, आणि हळूहळू, अगदी हळूहळू वर यायला लागला.

मी गिरजाबाईंकडे बघू शकत नव्हते. आल्यापासून जी बाई एकटी भांडली, जिच्यामुळे हे सगळं घडलं, तिलाच हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"तरंगला," त्या स्वतःच म्हणाल्या.

"हो, मावशी."

"आता पानी बराबर हाये?"

"हो."

"तूनंच मोजलं. माह्यासमोर. दोनदा."

"हो."

मला वाटलं त्या पाचवं बोट पुढे करतील. त्यांनी कापूस घेऊन चौथ्यावर दाबला.

"मंग खरं हाये ते," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "महादेवा! सायकल काढ. शेवंताले घेऊन ये, जशी असन तशी!"

महादेवराव वाडीकडे सुटले. जाऊन-येऊन तीन किलोमीटर. तेवढ्यात मी बाकीच्या बायकांना तपासत होते, कारण हात रिकामे ठेवणं शक्यच नव्हतं. पहिली बुडाली. दुसरी बुडाली. तिसरी तरंगली, तिला गोळ्या दिल्या. चौथी बुडाली आणि तिने टाळी वाजवली. गिरजाबाई हॉलच्या दारात रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. एकदाही वळल्या नाहीत.

दोन वाजून वीस मिनिटांनी सायकल आली. शेवंताबाई मागे कॅरिअरवर, दोन्ही हात कोपरापर्यंत गव्हाच्या चिकाने माखलेले. कुरड्या घालत होत्या, तशाच उठून आल्या होत्या.

"मले तं नाई म्हनलं होतं नं?" त्या कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या.

"चूक माझी होती, मावशी," मी म्हणाले. "द्रावण बिघडलं होतं. तुमचं रक्त नव्हतं बिघडलं."

गिरजाबाईंनी बहिणीचे हात बादलीत बुडवून स्वतः धुतले, पदराने पुसले आणि एक बोट माझ्यापुढे धरलं. थेंब सुटला. सरळ, न थबकता, तळाशी जाऊन बसला.

हॉलमध्ये एकच ओरडा झाला. गिरजाबाई ओरडल्या नाहीत. त्या बाजूच्या बाकावर मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागल्या. दिवसभरात पहिल्यांदाच.

शेवंताबाई खाटेवर आडव्या झाल्या. पिशवी भरत आली तेव्हा त्या मला हलकेच म्हणाल्या, "मले वाटलंच होतं का माह्यात रक्त नसन. कोनाले इचाराचीबी लाज वाटली."

सुनंदाला दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. दुसरी पिशवी लागली. ती नसती तर काय झालं असतं, ते मला दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं आणि मी ते इथे लिहीत नाही.

तीस तारखेला मी टेबल आवरून ठेवलं होतं. नानोटी सरांनी एक कागद पुढे सरकवला. नेमणूक सहा महिन्यांनी वाढवल्याचा आदेश. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"ज्यांनी बूच फोडलं आणि सांगितलं नाही, असे मी पुष्कळ पाहिले आहेत," ते म्हणाले. "मीही त्यांतलाच. जा, कामाला लाग." मग मान वर न करता पुढे म्हणाले, "आणि यापुढे प्रत्येक शिशीचं वजन करून वहीत लिहायचं. खाली तू सही करायची, शेजारी मी."

आणि ऑगस्टच्या शेवटी, पेढीच्या खिडकीशी कोणीतरी पिशवी आपटली. गिरजाबाई. एसटीने एकट्या आलेल्या. चार महिने लोहाच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे आणि शेवग्याची भाजी इमानाने खाल्ली, असं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. नातीचं नाव सांगितलं.

"कोणाला रक्त लागलंय का, मावशी? घरी सगळे ठीक?"

"सगळे ठीक हाये. कोनालेच नाई लागलं." त्या खुर्चीत बसल्या. "कोनाले तरी लागतच असन नं?"

मी बरणी पुढे घेतली, सुई काढली. त्यांनी हात मागे घेतला.

"थांब," गिरजाबाई म्हणाल्या. "पहिले पानी मोज. मंग मले."